पंढरपूरच्या छोट्या गाडीचा इतिहास कसा शोधायचा, कसा लिहायचा

माझी आजी बार्शीची. आषाढीला गावातल्या दिंडीबरोबर ती पंढरपूरला चालत जायची आणि परत येताना गाडीनं यायची, आणि तिच्या तोंडी गाडी म्हणजे एकच, बार्शी लाईट. "जाताना पायी, येताना गाडी" हे ती इतक्या सहज म्हणायची की मला त्यात विशेष काही आहे असं कधी वाटलंच नाही. पुढे मी या रेल्वेबद्दल वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की छापील माहिती जवळपास सगळी इंजिनांची आहे, रुळांची आहे, साहेबांची आहे, आणि आजीच्या त्या एका वाक्याचा त्यात कुठे पत्ताच नाही. म्हणून हे लिहितोय. कुर्डूवाडी ते पंढरपूर हा साधारण ५० किलोमीटरचा फाटा उदाहरण म्हणून घेतलाय, पण तुमच्या भागात देवस्थानाला जाणारी अशी एखादी छोटी लाईन असेल किंवा पूर्वी होऊन गेली असेल तर तिलाही हीच पद्धत चालेल.

आधी सांगाडा उभा करा

कागदपत्रांच्या मागे धावण्याआधी एका कागदावर फक्त वर्षं आणि ठिकाणं लिहून काढा. या लाईनीचा सांगाडा असा: मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, १८५९ मध्ये कुर्डूवाडीपर्यंत आली आणि पुढे सोलापूरकडे गेली. बार्शी हे कापसाचं, धान्याचं मोठं पेठेचं गाव, पण ते मेन लाईनपासून बाजूला पडलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला होता, त्याच्या डोक्यात या भागात स्वस्तातली छोटी रेल्वे टाकायची कल्पना आली आणि बरीच वर्षं खटपट केल्यावर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली. १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी हा साडेएकवीस मैलांचा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरचा फाटा निघाला, पुढच्या वर्षी बार्शीहून तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत लाईन गेली, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळ करत मिरजेला जोडली. एकूण २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर, सगळी अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली (नॅरोगेज). १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. या शतकाच्या सुरुवातीला पंढरपूरचा तुकडा ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीच्या रुंद रुळांचा, झाला, २००८ मध्ये लातूरपासून कुर्डूवाडीपर्यंतचं काम पुरं झालं, त्यानंतर मिरजेकडचं.

एवढं लिहून झालं की प्रत्येक वर्षासमोर एक प्रश्न टाका, का? १८९७ ला बार्शी का आणि १९०६ ला पंढरपूर का? माल आधी आणि देव नंतर, असं वरवर दिसतं, आणि ते खोटंही नाही, कंपनीला वर्षभर चालणारा धंदा पहिल्यांदा हवा होता. पण पंढरपूरसारखं गिऱ्हाईक कुठली कंपनी सोडेल, चार मोठ्या वाऱ्या, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, आणि त्याशिवाय दर महिन्याची एकादशी. फाटा होण्याआधी मुंबई-पुण्याकडचा यात्रेकरू कुर्डूवाडीला उतरायचा आणि तिथून बैलगाडीनं किंवा पायी पुढचे ५० किलोमीटर काढायचा. हे सगळं डोळ्यासमोर ठेवलं तरच पुढची कागदं वाचताना काय शोधायचंय ते कळतं.

नावांची वही करा, नाहीतर माझ्यासारखे दिवस जातील

जुन्या कागदांत कुर्डूवाडी स्टेशन "बार्शी रोड" म्हणून येतं. मला हे माहीत नव्हतं. एका सरकारी दप्तरखान्यात मी दोन दिवस "बार्शी रोड"च्या नोंदी बाजूला टाकत होतो कारण मला वाटलं या बार्शी गावातल्या स्टेशनच्या आहेत, आणि कुर्डूवाडीच्या नावानं मागितलेल्या फायली येतच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी एका नोंदीत बार्शी रोडहून पंढरपूरच्या यात्रेकरूंची सोय असं वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर रजा संपली होती आणि पुन्हा सगळं करायला पुढची सुट्टी लागली.

तर वहीत एक पान फक्त नावांसाठी ठेवा. बार्शी रोड म्हणजे कुर्डूवाडी, बार्शी टाऊन म्हणजे बार्शी. इंग्रजी कागदांत एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगं असतात, ती जशीच्या तशी उतरवा कारण डिजिटल शोधात तीच टाकावी लागतात. शोलापूर आणि सोलापूर, पंढरपूरमधला एखादा स्वर इकडचा तिकडे. उस्मानाबादचं धाराशिव झालंय, त्यामुळे नवीन माहिती एका नावानं सापडते आणि जुनी दुसऱ्या. लोक काय म्हणतात तेही लिहा. आमच्याकडे कुणी "नॅरोगेज" म्हणत नव्हतं, छोटी गाडी किंवा बार्शी लाईट. म्हाताऱ्या माणसाला नॅरोगेजबद्दल विचारलंत तर तो गप्प बसेल, छोट्या गाडीबद्दल विचारलंत तर तासभर बोलेल.

कागद कुठे मिळतो

सगळ्यात सोपी सुरुवात गॅझेटियरपासून, म्हणजे सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या पुस्तकापासून. सोलापूर जिल्ह्याचं जुनं बॉम्बे गॅझेटियर १८८४ चं आहे, म्हणजे या रेल्वेच्या आधीचं, आणि म्हणूनच ते आधी वाचा. छोटी गाडी नसताना पंढरपूर कसं चालत होतं, माणसं कुठून कशी येत होती, नगरपालिका यात्रेकरूंकडून काय घेत होती, हे त्यातनं कळतं. "आधी" काय होतं ते नीट माहीत नसेल तर "नंतर" काय बदललं हे लिहिताच येत नाही. ते ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं.

दुसरं, रेल्वे बोर्डाची जुनी छापील पुस्तकं. कुठला तुकडा किती मैलांचा, कोणत्या तारखेला उघडला, याचे तक्ते त्यात असतात, आणि वार्षिक अहवालात प्रत्येक रेल्वेचे प्रवासी, माल, कमाई, खर्च वेगवेगळे दिलेले असतात. ही स्कॅन केलेली पुस्तकं इंटरनेटवर सापडतात, फक्त स्कॅन वाईट असतात आणि ३ चा ८ झालेला असतो, त्यामुळे शोधून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पान उघडून डोळ्यांनी बघा.

तिसरं म्हणजे दप्तरखाने, आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही रेल्वे ज्या जमिनीवरून जात होती ती एका सरकारची नव्हती. सोलापूर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, लातूर निजामाच्या राज्यात, मिरजेकडचा पट्टा जत, मिरज, सांगली अशा संस्थानांच्या हद्दी ओलांडत जाणारा. म्हणून कागदही वाटले गेलेत. पंढरपूर फाट्यासाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं) महत्त्वाचं, लातूरकडच्या भागासाठी हैदराबाद, मिरजेकडच्यासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. आणि कंपनी लंडनला नोंदवलेली असल्यानं तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये बघावे लागतात. तिकडे राहणारा भाचा, मैत्रीण, कुणीही असेल तर त्यांना गळ घाला, रीडर पास काढून फोटो काढता येतात. आपली इतकी मराठी मुलं लंडनला आहेत, एक शनिवार देतील.

मुंबईत जाताना "रेल्वेची फाईल द्या" असं सांगू नका. रेल्वेखाली इंजिनियर लोकांचा पत्रव्यवहार मिळेल. माणसं शोधायची असतील तर सार्वजनिक आरोग्य आणि महसूल खात्याच्या फायली मागा. कारण असं आहे बघा, १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला साथरोगांचा कायदा आला आणि त्या कायद्यातच रेल्वेनं प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायचा अधिकार सरकारनं घेतला, आणि त्याच १८९७ मध्ये बार्शीची पहिली गाडी सुटली! म्हणजे ही रेल्वे जन्मालाच साथीच्या काळात आली. पटकीची (कॉलऱ्याची) भीती तर पंढरपूरला आधीपासूनच होती. त्यामुळे जत्रेत किती माणूस आलं, कुठून आलं, पाणी कसं होतं, दवाखाना कुठे उभारला, हे सगळं आरोग्य खात्याच्या अहवालात सापडायची शक्यता रेल्वेच्या फायलीपेक्षा कितीतरी जास्त. मला हे एका जुन्या अभ्यासकानं चहा पिताना सांगितलं आणि त्या एका वाक्यानं माझं काम निम्म्यावर आलं.

चौथं, वर्तमानपत्रं. पुण्याचे केसरी आणि ज्ञानप्रकाश यांचे जुने अंक मायक्रोफिल्मवर किंवा स्कॅन करून काही ग्रंथालयांत बघता येतात. तिथे जाताना तारखांचा तक्ता सोबत घेऊन जा. मराठी कागदांत शक असतो, इसवी सनातून ७८ वजा केले की शक येतो, म्हणजे गुढीपाडव्यानंतरचं १९०६ म्हणजे शक १८२८. (जानेवारी ते पाडवा या काळात ७९ वजा करायचे, हे विसरलं की एक वर्ष हलतं.) त्या वर्षीची आषाढी आणि कार्तिकी इंग्रजी तारखेनुसार कधी होती ते पंचांगावरून किंवा पंचांगाच्या वेबसाइटवरून काढा, मग त्या तारखेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडे एवढेच अंक वाचा. अख्खं वर्ष वाचत बसलात तर डोळे जातील. अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं, तेवढं बघून घ्या.

आणि आता माझी आवडती युक्ती. त्या काळी रेल्वे कंपन्यांची आठवड्याची अंदाजे कमाई छापून यायची. कंटाळवाणे आकडे, कुणी वाचत नाही. पण तुम्ही वर्षभराचे हे आकडे एका एक्सेलच्या रांगेत टाकून आलेख काढा आणि त्याच्याखाली आषाढी-कार्तिकीच्या तारखा लिहा. माल हंगामात वाढतो, सुगीनंतर, तो फुगवटा रुंद असतो. यात्रेचा सुळका वेगळा असतो, टोकदार. सुळका एकादशीच्या आधी आहे की नंतर, हे मात्र नक्की बघा, कारण आजीचं वाक्य त्यात आहे.

येतानाची गाडी

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगतो. कुठल्याही दुसऱ्या तीर्थाला जाणारी रेल्वे धरा, शेवडाफुलीहून तारकेश्वरला जाणारी १८८५ ची बंगालमधली लाईन असो की मथुरा-वृंदावनचा छोटा फाटा, यात्रेकरू गाडीनं जातो आणि गाडीनं येतो. पंढरपूरचं तसं नाही. वारी म्हणजेच चालणं. पालखीबरोबर पंधरा-वीस दिवस चालत आलेला माणूस पेरणी टाकून आलेला असतो, त्याला पोचायची घाई नसते, परतायची घाई असते. त्यामुळे इथे रेल्वेनं वारी मोडली नाही, रेल्वेनं परतीचा रस्ता कमी केला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, मुंबईच्या गिरणीत रजा मिळाली नाही असे कामगार, हे दोन्हीकडून गाडीनं आले असतील, पण मोठा लोंढा उलट्या दिशेनं, एकादशीनंतर, गोपाळकाला झाल्यावर. म्हणजे स्टेशनचा इतिहास लिहायचा तर पंढरपूरला उतरणाऱ्या गर्दीइतकाच चढणाऱ्या गर्दीचा लिहायला हवा. फलाटावर दोन-दोन दिवस पथारी टाकून थांबलेली माणसं, जादा गाड्या, डबे कमी पडले की मालाच्या वाघिणींत बसवलेले यात्रेकरू (जत्रेच्या वेळी देशभर ही तक्रार होती), हे सगळं परतीच्या बाजूला शोधा.

बार्शीकरांसाठी यात अजून एक धागा आहे. आमच्याकडे एकादशी पंढरपूरची आणि द्वादशी बार्शीची असं म्हणतात. बार्शीला भगवंताचं मंदिर आहे, विष्णूचं, अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. आता नकाशा बघा. एकादशी जिथे करायची ते गाव आणि द्वादशी जिथे सोडायची ते गाव, दोन्ही एकाच छोट्या गाडीच्या लाईनीवर, मध्ये कुर्डूवाडी. मेन लाईनवर जायचं असलेल्याला कुर्डूवाडीला बोचकी उचलून मोठ्या गाडीत बसावं लागायचं, पण पंढरपूरहून बार्शीला जाणाऱ्याला अडीच फुटी रूळ सलग होते. कंपनीनं हा विचार करून आखणी केली असेल असं मी म्हणणार नाही, पण आजीच्या पिढीनं ती तशी वापरली हे मी तिच्याकडून ऐकलंय.

इंजिनांकडेही बघा, पण कारणासाठी

इंजिनांचं वेड असलेल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी जपलं म्हणून बरंच टिकलं. फक्त प्रत्येक आकड्याचा माणसांशी संबंध लावा. कॅलथ्रॉपचा मुख्य मुद्दा असा होता की इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. सगळ्यांचा आसभार सारखा ठेवला की रूळ हलके चालतात, एका यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंड वजनाचे, आणि त्या हलक्या रुळांची पूर्ण ताकद वापरली जाते. भार जास्त आसांवर वाटायचा म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याची इंजिनं एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची, मागे अजून चार चाकं. वाघिणी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, रूळ मात्र अडीच फुटांवर. हे तुमच्या घरातल्या जमिनीवर खडूनं आखून बघा, खरंच बघा. अडीच फुटांवर दोन रेघा आणि त्यावर सात फुटांची रुंदी. मग कळतं की या "खेळण्यातल्या" गाडीत इतकी माणसं कशी मावत होती. डबे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चाचण्याही घेतल्या होत्या.

हीच पद्धत पुढे इंग्लंडात वापरली गेली. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ ला सुरू झाली, तिचा इंजिनियर कॅलथ्रॉपच आणि तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव होतं. ती १९३४ ला बंद पडली. आपली बार्शी लाईट त्यानंतर सत्तरेक वर्षं धावली. (या कॅलथ्रॉपनं पुढे विमानातल्या लोकांसाठी पॅराशूट बनवलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्यावरही वाचण्यासारखं खूप आहे.)

आता फिरायला निघा

आषाढीच्या आठवड्यात मुलाखती घ्यायला जाऊ नका. कुणालाही वेळ नसतो आणि असूही नये. साधा आठवडा बघा, उन्हाळा टाळा. कुर्डूवाडीहून लऊळ, मोडनिंब, आष्टी करत पंढरपूर असं जा, एकदा गाडीनं आणि एकदा रस्त्यानं. गाडीतनं खिडकीबाहेर बघत राहा, जुना भराव, जुनी मोरी, पडकी खोली. रुळांवर चालायचं नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि जिवाचा धोका तर आहेच. जे बघायचं ते रेल्वेच्या हद्दीबाहेरून.

नवा ब्रॉडगेज सगळीकडे जुन्याच जागेवर नाही. लातूरकडे तर मार्गच बदललाय, नवीन लाईन धाराशिव शहरातून नेली, जुनी तिथून जात नव्हती. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना एक इंची (एका इंचाला एक मैल) नकाशा मिळवा आणि मोबाईलवरच्या उपग्रह नकाशाशेजारी ठेवून बघा. शेतांतून जाणारी एखादी उगाच सरळ किंवा हळूवार वळणारी पट्टी दिसली, दोन्ही बाजूंना बांध आणि मध्ये बाभळी, तर ती जुनी लाईन असू शकते. पंढरपूरजवळ भीमेकडे खास लक्ष द्या. कुर्डूवाडी नदीच्या एका बाजूला आणि पंढरपूर दुसऱ्या, म्हणजे पुलाशिवाय गाडी गावात येऊच शकत नाही. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे ओळीनं लावून स्टेशन आणि पूल कुठे दाखवलेत ते बघा. पुलांसाठी अजून एक रस्ता आहे, माहिती अधिकार. रेल्वेकडे पुलांचं रजिस्टर असतं, त्यात बांधल्याचं वर्ष असतं. सोलापूर विभागाकडे ऑनलाइन अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात इतिहास वगैरे लिहू नका, "अमुक ते अमुक किलोमीटरमधल्या पुलांच्या रजिस्टरची प्रत" एवढंच मागा.

हाताशी येणारी सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे रुळाचा तुकडा. जुने रूळ वाया जात नाहीत, कुंपणाचे खांब होतात, गोठ्याची तुळई होतात, विजेच्या तारेला आधार होतात. मोडनिंबच्या बाजूला एका शेतकऱ्यानं मला त्यांच्या विहिरीवरचे दोन आडवे रूळ दाखवले. रुळाच्या बाजूवर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा पाय यांच्यामधल्या पातळ भागावर, अक्षरं उठावात असतात, कारखान्याचं नाव, वर्ष, वजन. गंजानं ती दिसत नाहीत. आम्ही आधी तारेच्या ब्रशनं हलकं घासलं, मग खडू आडवा धरून फिरवला, आणि अक्षरं पांढरी होत एकेक करून वर आली, ते काका तीस वर्षं त्या रुळावर पाय ठेवून पाणी शेंदत होते आणि त्यांनीही ती पहिल्यांदाच पाहिली. फोटो काढताना उजेड एका बाजूनं पडू द्या, सकाळी किंवा संध्याकाळी, भर दुपारी काही दिसत नाही. एक लक्षात ठेवा, रुळावरचं वर्ष हे रूळ बनल्याचं वर्ष, लाईन उघडल्याचं नाही. रूळ बदलतात, इकडचे तिकडे जातात.

दुसरी वस्तू तिकीट. पुठ्ठ्याचं, सव्वादोन इंच लांब. घरातल्या जुन्या पोथ्या उघडा. मी गंमत म्हणून सांगत नाही, आमच्याकडे हरिपाठाच्या जुन्या प्रतीत खूण म्हणून ठेवलेलं असं एक तिकीट निघालं, कोपरा कातरलेला, तारखेचा ठसा कोरडा उमटवलेला, बोटानं लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. ते तिरप्या उजेडात वाचायचं. तिकिटावरचं भाडं आणे-पैत असेल तर हिशेब असा: १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. भाड्याचे दर मैलाला इतके पै असे असायचे. समजा मैलाला ३ पै धरले तर ३२ मैलांचे ९६ पै, म्हणजे ८ आणे. तो आकडा नुसता लिहू नका, त्या वर्षीची शेतमजुरी शोधून शेजारी ठेवा, किती दिवसांची मजुरी तिकिटात जायची हे कळलं की वाचणारा थांबतो.

माणसांशी बोलणं

कोणाकोणाला गाठायचं? निवृत्त गँगमन (रूळ राखणारे), पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे), कुर्डूवाडीच्या वर्कशॉपमधले कारागीर, स्टेशनबाहेर चहाची गाडी लावणाऱ्यांची घरं, टांगेवाल्यांची घरं, पंढरपुरातले मठ आणि वारकऱ्यांचे फड, आणि उपाध्ये. तीर्थाच्या उपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात, कोण कधी आलं याच्या, आणि मठांकडे जमाखर्चाच्या. जुन्या वह्या मोडीत असतील तर घाबरू नका, मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, तीन-चार महिन्यांत हिशेबाची वही वाचण्याइतकी मोडी येते. वही मागताना मात्र आधी देवाला हात जोडा, चहा घ्या, घरच्यांची विचारपूस करा, आणि पहिल्या भेटीत फोटो काढू नका.

बायकांना विचारायला विसरू नका. पुरुष इंजिनाबद्दल आणि छतावर बसून गेल्याबद्दल सांगतात. बायका सांगतात की पाणी कुठे मिळायचं, लहान पोरं कशी धरायची, बायकांचा डबा कुठे लागायचा, बुक्का आणि लाह्या-चुरमुऱ्यांचा प्रसाद घरापर्यंत कसा कोरडा आणायचा. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही येणार नाही. "गाडी हळू होती का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत काय काय करायचात?" असं विचारा आणि गप्प बसा.

धावत्या गाडीतनं उतरून लिंबं तोडून परत चढायचो ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक नॅरोगेजच्या गावात ऐकायला मिळेल. ती खोटी ठरवू नका आणि खरी म्हणून छापूही नका. "अमुक आजोबांनी अशी आठवण सांगितली" असं लिहा, कोणत्या साली, कोणत्या स्टेशनांमध्ये, चढ होता का, ते विचारा. चढावर जड गाडी खरंच मंदावते, मग नकाशावर तो चढ आहे का तपासा.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या, नाव छापायचं की नाही ते विचारा, आणि फाईलला त्याच दिवशी नाव द्या, वर्ष-महिना-दिवस, गाव, वय. "नवीन रेकॉर्डिंग १७" असं राहिलं की सहा महिन्यांनी ते कुणाचं तुम्हालाच कळत नाही.

लिहायला बसल्यावर

एका तारखेला दोन पुरावे असल्याशिवाय ती ठामपणे लिहू नका. मंजुरी, काम सुरू, मालासाठी उघडली, प्रवाशांसाठी उघडली, या चार वेगळ्या तारखा असतात आणि निम्मे वाद याच्यातूनच होतात, दोघंही बरोबर असतात, फक्त वेगळ्या तारखांबद्दल बोलत असतात. मैल तसेच ठेवा आणि शेजारी किलोमीटर द्या, १ मैल म्हणजे १.६०९. सुरुवात कंपनीपासून करू नका, तुमच्या हातात असलेल्या एका वस्तूपासून करा, तिकीट, रूळ, एक वाक्य. मग मागे जा.

शिर्डीचा फाटा २००९ ला सुरू झाला, पुणतांब्याहून. त्याचे कागद आज ताजे आहेत, पहिल्या गाडीतले लोक आपल्यात आहेत. त्या भागातल्या कुणाला हे काम करायचं असेल तर आत्ताच सुरू करा, पंढरपूरच्या फाट्यासाठी हे १९०६ मध्ये कुणी केलं असतं तर किती बरं झालं असतं असं मला सारखं वाटतं.

लिहून झालं की छापील प्रती काढा, वीस-पंचवीस झेरॉक्स पुरेत. एक गावच्या वाचनालयाला, एक शाळेला, एक स्टेशन मास्तरांना, आणि ज्यांनी ज्यांनी आठवण सांगितली त्या प्रत्येक घरी एक, स्वतः जाऊन. मी गेलो तेव्हा विहिरीवाल्या काकांनी आधी त्यांच्या रुळाचा फोटो कुठल्या पानावर आहे ते विचारलं, आणि मग आत जाऊन त्यांच्या वडिलांच्या ट्रंकेतला एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला, जो पहिल्या भेटीत त्यांनी दाखवला नव्हता. तेव्हा प्रती द्यायला जाताना वही, खडू आणि चार्ज केलेला मोबाईल बरोबर ठेवा.